प्रतिपालक होण्याआधी काय शिकावे लागते

इंदूरमधील आपल्या मराठी घरांत फॉस्टर केअरचा, म्हणजे प्रतिपालकत्वाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘म्हणजे दत्तकच ना?’ आणि दुसरे, ‘आम्ही आमची मुले वाढवली, शिकवली, मार्गी लावली; आता या वयात आम्हाला कोण काय शिकवणार?’ पहिल्या वाक्यातला गैरसमज दहा मिनिटांच्या बोलण्यात दूर होतो. दुसरे वाक्य मात्र फार चिवट आहे, कारण ते उच्चारणारी माणसे बहुधा खरोखरच प्रेमळ असतात, त्यांची घरे ऐसपैस असतात, मुले पुण्याला किंवा परदेशी गेल्यामुळे खोल्या रिकाम्या असतात, आणि कोणा मुलाला आधार द्यावा ही त्यांची इच्छा वरवरची नसते. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि येथील एका बालगृहात मुलींना गणित शिकवायला जाते, म्हणून सुदामानगरपासून स्नेहलतागंजपर्यंतच्या ओळखीच्या मंडळींचे हे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. या मंडळींना मी जे तुकड्यातुकड्यांत सांगत आले आहे, ते येथे सलग मांडते. बालगृहातल्या कोणाही मुलीची हकिगत यात नाही. उदाहरणे सर्वसाधारण आहेत आणि ती तशीच असायला हवीत, याचे कारण पुढे येईलच.

आधी दत्तकाचा प्रश्न संपवू. दत्तक घेतलेले मूल कायद्याने कायमचे त्या कुटुंबाचे होते. प्रतिपालक कुटुंबात मूल राहते ते बाल कल्याण समितीच्या, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीच्या, आदेशाने, ठरावीक किंवा वाढवता येणाऱ्या मुदतीसाठी, आणि त्याचे जन्मदाते असतील व पुढे सक्षम ठरले तर ते त्यांच्याकडे परत जाऊ शकते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये याची चौकट आहे. इकडे मध्य प्रदेशात कागदोपत्री तोच ‘किशोर न्याय अधिनियम’ या हिंदी नावाने भेटतो. साधारणपणे सहा वर्षांपुढील आणि संस्थेत राहणाऱ्या मुलांचा यासाठी विचार होतो. समितीने दत्तकयोग्य ठरवलेले मूल दीर्घकालीन प्रतिपालनासाठी देता येत नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आता अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते, मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. मूल दोन वर्षे त्या कुटुंबात राहिल्यानंतर तेच कुटुंब त्याला दत्तक घेण्यासाठी अर्ज करू शकते. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. हा पैसा मुलाच्या खर्चासाठी आहे, पालकांचा मोबदला म्हणून नव्हे, आणि इंदूरसारख्या शहरात शाळेची फी, रिक्षा, पुस्तके यांचा हिशेब मांडला तर त्यात फारसे काही उरतही नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कलम ४४ सांगते की प्रतिपालक कुटुंबाची निवड त्या कुटुंबाची पात्रता, हेतू, सामर्थ्य आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहून करावी. यातील ‘पूर्वानुभव’ या निकषाने आमच्या शेजारणींच्या दुसऱ्या वाक्याला आयतेच बळ मिळते. प्रशिक्षणाचा उल्लेख त्या कलमात कोठेही नाही. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये कुटुंबाचे समुपदेशन आणि त्याची तयारी करून घेणे हे जिल्हा बाल संरक्षण एककाचे काम मानलेले आहे, परंतु कायद्याच्या मुख्य कलमात जो विषय नसतो तो प्रत्यक्ष कामाच्या रेट्यात मागे पडतो, हे सरकारी शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत मात्र प्रतिपालकांसाठी विशेष तयारी, आधार आणि समुपदेशन हे मूल घरी येण्याआधी, ते घरी असताना आणि ते गेल्यानंतरही नियमितपणे उपलब्ध असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यातील ‘गेल्यानंतरही’ हे वाचताना मी थबकले होते, कारण त्या टप्प्याचा विचार आपल्याकडे क्वचितच कोणी करतो.

आपल्याकडे भर आहे तो तपासणीवर. सामाजिक कार्यकर्ता घरी येतो, गृहभेटीचा अहवाल तयार होतो; उत्पन्न किती, खोल्या किती, घरात कोण कोण राहते, कोणाला गंभीर आजार आहे का, कोणावर गुन्हा दाखल आहे का, शेजारी काय सांगतात, हे सारे पाहिले जाते. हे आवश्यकच आहे आणि त्यात ढिलाई नको. तथापि या तपासणीतून एवढेच कळते की या घरात मूल ठेवण्यास हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात ते मूल मध्यरात्री उठून दाराची कडी काढू लागले तर घरातल्यांनी काय करावे, हे त्या अहवालात कोठून येणार?

दुसऱ्याचे मूल घरात आणून वाढवणे ही कल्पना मध्य भारतातल्या आणि गुजरातेतल्या मराठी माणसाला अपरिचित नाही. ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही गाद्यांवर दत्तक आलेले राज्यकर्ते बसलेले आहेत. बडोद्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घ्या. नाशिककडच्या कवळाणे गावातील गोपाळराव या बारा वर्षांच्या मुलाला महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतले, आणि १८८१ च्या डिसेंबरात गोपाळरावांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार येईपर्यंत त्यांचे शिक्षण अखंड चालू होते. इंग्रज शिक्षक, अक्षरओळखीपासूनचे धडे, घोडेस्वारी, राज्यकारभार, सगळे काही. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. या संपूर्ण व्यवस्थेत शिकवले गेले ते मुलाला. ज्या घरात तो आला त्या घराने काही शिकायचे असते, ही कल्पनाच तेव्हा कोणाला सुचली नसती. राजवाड्याची गोष्ट वेगळी, असे म्हणून आपण ती सोडून देऊ शकतो, परंतु वारावर जेवायला येणाऱ्या विद्यार्थ्याकडूनही घराच्या रीतीभाती त्यानेच उचलाव्यात अशीच अपेक्षा असे, आणि आजही ‘मूल आपल्या घरात रुळेल’ असेच आपण म्हणतो. घराने मुलाशी रुळावे, असे कोणी म्हणत नाही. प्रशिक्षण हवे ते याच ठिकाणी.

स्वतःची मुले वाढवल्याचा अनुभव उपयोगी असतो, पण तो एका गृहीतावर उभा असतो. आपल्या मुलाला जन्मापासून ठाऊक असते की रडल्यावर कोणीतरी येते, ताट रिकामे झाल्यावर पुन्हा वाढले जाते, आई रागावली तरी संध्याकाळी जवळ घेते. हे त्याला शिकवावे लागत नाही, त्यामुळे आपल्याला वाटते की ते सगळ्याच मुलांना माहीत असते. ज्या मुलाची माणसे एकामागून एक नाहीशी झाली, किंवा ज्याला मारणारा हात आणि भरवणारा हात एकच होता, त्याने निराळे काही शिकलेले असते, आणि त्याच्या परिस्थितीत ते शहाणपणाचेही असते.

अन्नाचेच पाहा, कारण बहुतेक घरांत पहिला खटका स्वयंपाकघरात उडतो. मूल पोळ्या गादीखाली लपवते, शेवेची पिशवी दप्तरात कोंबते, पोट भरल्यावरही पोहे खात राहते आणि मग ओकते. आजीच्या मते ही चोरी किंवा हावरटपणा, आईच्या मते आपल्या घराचा अपमान, कारण ‘आम्ही काय त्याला उपाशी ठेवतो का?’ प्रशिक्षित पालकाला माहीत असते की हा अन्नाविषयीचा विश्वास बसलेला नसण्याचा परिणाम आहे, आणि त्यावरचा उपाय कपाटाला कुलूप लावणे हा नसून नेमका उलटा आहे. मुलाच्या हाताला लागेल असा एक डबा ठेवावा, तो त्याचा आहे हे त्याला सांगावे, तो रिकामा झाला की न बोलता भरावा आणि जेवणाच्या वेळा काटेकोर पाळाव्यात. लपवणे थांबायला किती वेळ लागेल याचा अंदाज देता येत नाही. काही मुलांत डबा भरलेला असूनही ही सवय बराच काळ राहते. उपाय सांगायला सोपा आहे. अवघड आहे ते आजीला तो पटवणे, आणि म्हणूनच माझे आग्रहाचे मत आहे की प्रशिक्षणाला आजीही बसली पाहिजे.

दुसरी गोष्ट पहिल्या काही आठवड्यांच्या गोडव्याची. नव्या घरात आलेले मूल बरेचदा अतिशय शहाण्यासारखे वागते; सांगितलेले लगेच ऐकते, ताट घासून ठेवते, पाया पडते. नातेवाइकांत कौतुक होते, ‘किती गुणी पोर आहे’ म्हणून. आणि मग एके दिवशी क्षुल्लक कारणावरून वस्तू फेकली जाते, शिवी दिली जाते, अंथरूण ओले होऊ लागते. अनभिज्ञ घराला वाटते की आपली फसवणूक झाली किंवा लाडाने मूल बिघडले. जाणकार प्रशिक्षक आधीच सांगून ठेवतो की ही घसरण येणार आहे, आणि बरेचदा ती मुलाला थोडे सुरक्षित वाटू लागल्याचेच लक्षण असते. आता वाईट वागलो तरी हे मला ठेवतील का, याची ते चाचपणी करत असते. नेमक्या याच वेळी ‘असे वागलास तर परत पाठवू’ हे वाक्य तोंडातून निघते. सर्व प्रशिक्षणातून एकच गोष्ट शिकवता आली तर मी हे वाक्य न उच्चारणे शिकवीन.

घर आणि संस्था यांत फरक काय पडतो याचा एक मोठा अभ्यास रुमानियात झाला आहे. बुखारेस्टमधील सहा संस्थांतल्या १३६ लहान बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले, आणि त्यांची वाढ पुढे अनेक वर्षे तपासण्यात आली. हे काम २००० साली सुरू झाले. कुटुंबात गेलेल्या बालकांची बुद्धीची आणि नात्यांची वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस आढळली. सुमारे दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांत हा फरक अधिक ठळक होता. या अभ्यासाचा उल्लेख करताना लोक एक तपशील वगळतात. बुखारेस्टमध्ये तेव्हा प्रतिपालक कुटुंबांची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे संशोधकांना ती नव्याने उभी करावी लागली; कुटुंबे शोधून त्यांची तयारी करून घेतली गेली आणि सामाजिक कार्यकर्ते त्यांच्या सतत संपर्कात राहिले. म्हणजे जे सिद्ध झाले ते तयार केलेल्या आणि पाठबळ असलेल्या कुटुंबाविषयी आहे. कोणत्याही घरात मूल नेऊन ठेवले की असेच होईल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. शिवाय आपल्याकडे प्रतिपालनात येणारी मुले त्या बालकांपेक्षा वयाने मोठी असतात, त्यामुळे पालकांच्या तयारीची गरज वाढते.

शिस्तीच्या बाबतीत आमच्या पिढीचा ठरलेला युक्तिवाद आहे, ‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ या युक्तिवादाला येथे कायदाच आडवा येतो. अधिनियमाच्या कलम ७५ नुसार, मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्याने त्याला मारहाण केली, त्याच्याकडे दुर्लक्ष केले किंवा त्याला अनावश्यक मानसिक वा शारीरिक यातना होतील असे वागवले, तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु कायद्याचा धाक दाखवून प्रशिक्षण होत नसते. मार खाऊनच आलेल्या मुलाला धपाटा दिला की त्याला फक्त एवढेच कळते की हे घरही तसलेच आहे. खोलीत कोंडणे, अबोला धरणे, जेवण बंद ठेवणे, हे आपल्या घरांत ‘सौम्य’ समजले जाणारे उपायही या मुलांच्या बाबतीत तितकेच घातक ठरतात. त्याऐवजी काय करायचे हे वागून दाखवावे लागते, आणि त्यासाठी प्रशिक्षणात नाट्यछटेसारखे प्रसंग बसवून घेतात. एक जण रागावलेले मूल होतो, दुसरा पालक. पन्नाशीच्या माणसांना याचा संकोच वाटतो. सानंद या आपल्या मराठी संस्थेच्या नाटकांना वर्षानुवर्षे गर्दी करणाऱ्या आपल्या इंदूरकरांना तरी तो वाटू नये.

जन्मदात्यांच्या भेटीचा विषय सर्वांत नाजूक आहे. पालक अक्षम किंवा अयोग्य ठरल्यामुळे मूल प्रतिपालनात आले असेल, तर ते पालक ठरावीक काळाने मुलाला भेटू शकतात, अशी कलम ४४ मध्येच तरतूद आहे. समितीला ते मुलाच्या हिताचे वाटले नाही तर कारणे नोंदवून ती भेट नाकारू शकते. कल्पना करा, दारू सोडण्याची धडपड करणारा बाप भेटायला येतो, मूल धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते, आणि जी बाई सहा महिने त्याचे सगळे करते आहे ती उंबऱ्याशी उभी राहून पाहते. तो गेल्यावर मूल दोन दिवस जेवत नाही आणि राग तिच्यावरच काढते. ‘असल्या बापाची एवढी काय ओढ?’ हे तिच्या ओठांवर येणे अगदी माणसासारखे आहे. तरीही ते बोलायचे नाही, कारण मुलाच्या मनात आपण आणि आपला बाप वेगळे झालेले नसतात. बापाला लावलेला बोल त्याला स्वतःला लागतो. अमेरिकेत ‘प्राइड’ नावाचा जो प्रशिक्षणक्रम अनेक राज्यांत वापरला जातो, त्यात प्रतिपालकाच्या पाच क्षमता मानल्या आहेत: मुलाचे संरक्षण आणि संगोपन करणे, त्याच्या वाढीच्या गरजा आणि त्यातील विलंब ओळखून ते हाताळणे, त्याचे जन्मकुटुंबाशी असलेले नाते जपणे, त्याला आयुष्यभर टिकणारी सुरक्षित नाती मिळवून देणे, आणि व्यावसायिकांच्या गटाचा एक सदस्य म्हणून काम करणे. यातील पहिल्या दोन आपल्या घरांना जमतील. तिसरीची आणि पाचवीची मला काळजी वाटते. ‘आमच्या घरात बाहेरच्यांनी लक्ष घालू नये’ हा ज्या घराचा बाणा आहे, तेथे दरमहा होणारी तपासणी, कार्यकर्त्याचे फोन, समितीपुढे जाणे, हे सारे संशयासारखे वाटते. ती आपली पारख नसून मुलासाठीची सोय आहे, हे आधी मनात पक्के झालेले असले तरच पुढचे सोसवते.

इंदूरच्या मराठी घरांसाठी प्रशिक्षणात एक प्रकरण खास वाढवावे लागेल, ते भाषा, आहार आणि धर्माचे. येथील संस्थांत येणारे मूल निमाडी किंवा माळवी बोलणारे असू शकते. झाबुआ-अलीराजपूरकडचे असेल तर घरी भिली बोलत असेल. शाळा हिंदी, घर मराठी, आणि त्याच्या मनातली भाषा तिसरीच. हौसेने पहिल्या दिवसापासून शुभंकरोती पाठ करून घेणाऱ्या घराचा हेतू वाईट नसतो, परंतु मुलाला त्यातून ऐकू येते ते हे की तू आणलेले काहीही येथे चालणार नाही. मक्याची भाकरी मागणाऱ्या मुलाला ती करून देणे सोपे आहे. अंडी-मटण खाऊन वाढलेले मूल कडक शाकाहारी घरात आले तर काय करायचे, हे मात्र आधीच ठरलेले असावे. त्याच्या खाण्याला ‘घाण’ म्हणायचे नाही, ही किमान अट, आणि बाहेर खाल्ले तर त्याची शिक्षा नाही, ही दुसरी. ज्यांना एवढेही जमणार नाही त्यांनी ते अर्जातच सांगावे. त्यात कमीपणा नाही. मुलाचे आडनाव विचारून मग त्याला देवघरात जाऊ द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या घराने अर्जच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद २० मध्ये, कुटुंबापासून दुरावलेल्या मुलाची सोय करताना त्याची वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी, असे सांगितलेले आहे.

कायद्याचे जे भाग तोंडपाठच हवेत, त्यांत गोपनीयता येते. कलम ७४ मुलाची ओळख कोणत्याही प्रकारच्या माध्यमातून उघड करण्यास मनाई करते. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गणपतीच्या आरतीचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे आणि खाली ‘आमच्याकडे आलेली नवी पाहुणी’ असे लिहिणे, हे सहज घडते आणि तो गट पुढे कोठवर जातो याचा पत्ता नसतो. मुलाची कहाणी ही मुलाची मालमत्ता आहे. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ‘आईबाप काय करत होते गं हिचे?’ असे विचारले तर काय उत्तर द्यायचे, याचाही सराव लागतो. ‘ती आता आमच्याकडे राहते’ एवढेच पुरे, आणि तेही मुलीच्या देखत हसतमुखाने.

लैंगिक अत्याचाराविषयीचे सत्र लोकांना नकोसे वाटते, तरी ते टाळता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. मूल विश्वास बसल्यावर, भाजी निवडताना किंवा दिवे मालवल्यावर, जुने काहीतरी सांगून जाते. त्या क्षणी ‘खरंच?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ असे विचारायचे नाही, खोदून प्रश्न करायचे नाहीत, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही, आणि जेवढे जसे सांगितले तेवढे तसेच लिहून ठेवायचे. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवलेला असावा, तोही मुलाला दिसेल असा. घरात कोण कोठे झोपेल, अंघोळीच्या वेळी दार कसे असेल, येणाऱ्या-जाणाऱ्या नातलगांसोबत मुलाला एकटे ठेवायचे का, हे नियम आधी ठरले तर मूल सुरक्षित राहते आणि घरावर खोटा आळ येण्याची शक्यताही कमी होते.

बाहेरच्या देशांत प्रशिक्षणाचे तास किती, असे मला विचारले जाते. अमेरिकेत १९९९ च्या एका संघीय कायद्याने, मूल ठेवण्यापूर्वी प्रतिपालकांची पुरेशी तयारी झालेली असावी आणि ती पुढे चालू राहावी, अशी अट राज्यांवर घातली. तास राज्ये ठरवतात. वर उल्लेखिलेला ‘प्राइड’ क्रम मूळ स्वरूपात नऊ सत्रांचा, २७ तासांचा आहे. कॅलिफोर्नियात मान्यतेपूर्वी किमान १२ तास आणि त्यानंतर दरवर्षी किमान ८ तास लागतात, शिवाय प्रथमोपचाराचे शिक्षण वेगळे. इंग्लंडची पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. तेथे मान्यतेपूर्वीच्या तयारीखेरीज सात मानके ठरवलेली आहेत, आणि मान्यता मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत प्रतिपालकाने आपण ती आत्मसात केल्याचे प्रत्यक्ष कामातले पुरावे द्यायचे असतात. नातेवाईक असलेल्या प्रतिपालकांना त्यासाठी अठरा महिने मिळतात. वर्गात बसून ऐकलेले आणि मूल घरात असताना उमगलेले यांत फार अंतर असते. शिक्षकी पेशात बी.एड. करताना जे कंटाळवाणे वाटले, तेच पहिल्या वर्गात उभे राहिल्यावर शोधावे लागले, हा अनुभव माझ्या पिढीतल्या बहुतेक शिक्षकांना आहे. म्हणून सगळे प्रशिक्षण आधीच उरकून टाकण्यापेक्षा थोडे आधी, आणि मूल आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात दरमहा थोडे, अशी वाटणी मला पटते. त्या मासिक बैठकीत दुसरी प्रतिपालक कुटुंबे भेटतात, आणि ‘आमच्याकडेही असेच झाले’ हे दुसऱ्या घराच्या तोंडून ऐकण्याला व्याख्यानापेक्षा वजन असते.

शिकवणार कोण, ही अडचण इंदूरसारख्या शहराने तरी सांगू नये. इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्कसारखी जुनी संस्था येथे आहे, वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, निवृत्त शिक्षक तर गल्लोगल्ली आहेत. प्रशिक्षण हिंदीतच व्हावे, मराठीचा हट्ट धरू नये. ज्या मुलाशी आपण बोलणार आहोत त्याच्या भाषेत सराव झालेला बरा. मात्र घरातील सर्वांनी बसावे. प्रतिपालक म्हणून सही पती-पत्नींची असली तरी मूल दिवसभर सासूबाईंजवळ राहते, आणि घरचा बारावीतला मुलगा आपल्या खोलीची वाटणी मुकाट्याने सोसतो आहे की मनात धुमसतो आहे, हे त्याला कोणीतरी बाहेरच्याने विचारायला हवे. शेवटचे सत्र मूल परत जाण्याविषयीचे असावे: निरोप कसा द्यायचा, सोबत काय काय पाठवायचे, त्याच्या येथल्या दिवसांच्या फोटोंची वही कशी करायची, गेल्यावर फोन करायचा की नाही हे कोणी ठरवायचे, आणि रिकाम्या झालेल्या पलंगाकडे पाहून रडणाऱ्या माणसाने कोणाकडे जायचे.

नातेवाइकांचा प्रश्न थोडा निराळा आहे. आईबाप गेल्यावर मूल मामाकडे, आजीकडे किंवा काकूकडे राहणे हे आपल्याकडे सर्वाधिक आढळते, आणि शेजारच्या गुजरातेत पालक माता-पिता योजनेखाली अशा मुलासाठी दरमहा ३,००० रुपये दिले जातात. या मंडळींना वर्गात बोलावले तर ती दुखावतील, कारण पोटच्या नातवाला सांभाळायला शिकायचे काय, हा त्यांचा प्रश्न योग्यच वाटतो. पण त्यांच्यावर स्वतःच्या मुलीच्या किंवा भावाच्या मृत्यूचे दुःख असते, आणि मुलाचे दुःख त्यात झाकले जाते. त्यांच्यासाठी लांबलचक क्रमाऐवजी घरी येऊन बोलणारा एखादा समजूतदार माणूस आणि शाळा-कागदपत्रांची मदत पुरेशी ठरावी. आणि प्रशिक्षण कोणासाठीही असो, ते कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते पाच ठेवले तर पाटणीपुऱ्यातल्या मजूर जोडप्याचा अर्ज पहिल्याच पायरीवर गळतो व फक्त आमच्यासारखी पेन्शनवाली मंडळीच उरतात; तेव्हा ते रविवारी असावे, बसभाडे मिळावे, आणि ज्या दिवशी मजुरी बुडेल त्या दिवसाची भरपाई द्यावी.